नानांची मळी, आबांचा माळ

पुराचे पैसे बँकेत जमा झाले, की नाना आमच्या घरी यायचे. पैसे त्यांच्या खात्यावर जमा व्हायचे आणि पूर यायचा आमच्या उसात. सरकारदरबारी ते नदीकाठचं शेत, म्हणजे मळी, नानांच्या नावावर होतं, कसत मात्र आम्ही होतो, माझ्या आज्ज्यापासून. तेव्हा नुकसानभरपाई आली की नाना ती सगळीच्या सगळी काढायचे, रुमालात बांधायचे, धुतलेली पांढरी टोपी घालायचे आणि माळावरच्या आपल्या घरातून उतरून खाली गावात यायचे.

आल्यावर ते आधी बसत नसत. पाय धुऊन थेट देव्हाऱ्यापुढं जायचे, रुमालाची गाठ तिथं ठेवायचे, हात जोडायचे आणि मग सोप्यात येऊन माझ्या वडिलांशेजारी, आबांशेजारी, टेकायचे. ती गाठ नाना घरात असेपर्यंत कुणी सोडायची नाही, हा आबांचा दंडक. आलेल्या माणसासमोर त्याचे पैसे मोजायचे म्हणजे त्याच्या इमानाचं माप काढायचं, असं त्यांचं म्हणणं. आई त्या दिवशी मटण करायची. नाना तांबडा रस्सा ओरपत, नाक पुसत, तिखट जरा कमीच पडलं असं दरवेळी म्हणत, आणि आई दरवेळी खरोखर रागवायची.

उलट बाजूनंही असंच. माळावर कधी पाऊस दडी मारायचा, कधी काढणीला आलेला भुईमूग अवकाळीत सापडायचा. त्याची मदत यायची ती आबांच्या खात्यावर, कारण माळ कागदावर आमचा होता आणि पिकवत होते नाना. मग आबा टोपी घालून चढ चढायचे. वरच्या घरी कोंबडी कापली जायची. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायची. सरकारनं पैसे वाटले की एकमेकांच्या घरी जाऊन जेवायचं, असाच नियम आहे असं मला वाटायचं.

नाना आमचे कुणी लागत नव्हते. ना भावकी, ना सोयरीक. गोष्ट एवढीच, की आज्ज्यांच्या काळात आमचं रान माळावर नानांच्या तेव्हाच्या घराला लागून होतं आणि त्यांचं रान खाली नदीला, आमच्या परड्यापासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही आज्ज्यांना जा-ये करून कंटाळा आला. एके वर्षी जोतिबाच्या चैत्रात दोघं डोंगरावर गेले, गुलालावर हात ठेवून रानं बदलून घेतली आणि खाली उतरले. कागद कुणी केला नाही. जोतिबासमोर झालेल्या गोष्टीला तलाठी कशाला, असं त्यांना वाटलं असणार. मला वाटतं की हा शुद्ध आळस होता. पण त्या आळसावर दोन घरं सुखानं जगली हेही खरं.

मी इचलकरंजीला दिलेली. तिथं शाळेत शिकवते. आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट चालू असतो आणि माणसं ओरडूनच बोलतात. माझा आवाज मुळातच मोठा, रागही माहेरचाच, त्यामुळे सासरी दोन्ही खपून गेलं. माहेरी गेले की मी आबांच्या मागं लागायची, एकदा ह्या अदलाबदलीचा कागद करून टाका. आबा म्हणायचे, "कागद करायचा म्हंजे नानाला सांगायचं, तुझ्यावर इस्वास न्हाय." झालं. पुढं बोलायची सोय नाही.

मोबाइलवर पीक नोंदवायचं आलं तेव्हा तर मोठी करमणूक झाली. शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा. उताऱ्यावरचं नाव ज्याचं, त्याचा फोटो. मग नाना आपल्या मुलाचा मोबाइल घेऊन खाली यायचे आणि आमच्या उसासमोर ताठ उभे राहायचे. आबा माळावर जाऊन नानांच्या भुईमुगात उभे राहायचे. फोटोत दोघंही लग्नाला उभं केल्यासारखे दिसत. हे खोटं आहे असं दोघांच्याही मनाला शिवलं नाही. कागदवाल्याचा फोटो मागितला, तो दिला. शेत कुणाचं हे काय त्या मोबाइलनं विचारलं होतं?

ते विचारलं गेलं नव्हतं, म्हणूनच सगळं चाललं होतं.

आमच्याकडं पूर नवा नाही. गगनबावड्याकडं पाऊस लागून राहिला की आमची नदी पात्राबाहेर येणार, मळीत शिरणार, हे जन्मापासून पाहिलेलं. पूर्वी पाणी यायचं आणि गाळ टाकून निघून जायचं. आबा त्या गाळाकडं असं बघायचे की जणू कुणी शेणखताच्या गाड्याच रिकाम्या करून गेलंय. ती मळी काळीभोर, मऊ. आबा तिच्यात चपला घालून कधी गेले नाहीत. बांधावर चपला काढायच्या, मगच आत. पण अलीकडं पूर पाहुण्यासारखा येत नाही, भाडेकऱ्यासारखा राहतो. उसाच्या शेंड्यात पाणी शिरलं की पोंगा, म्हणजे मधला कोवळा कोंब, कुजतो, मग तो ऊस उभा असून नसल्यासारखाच. आईच्या भाषेत सांगायचं तर आता मळी एक वर्ष आपली, एक वर्ष नदीची. त्यामुळे ती सरकारी मदत, जी आज्ज्याच्या काळी कुणाला ठाऊकही नव्हती, तिच्यावर पुढच्या लागणीचं बियाणं ठरायला लागलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गौरीला मी माहेरी गेले तेव्हा पाणी नुकतंच उतरलं होतं. गावभर कुजक्या उसाचा वास. तो नाकातून जात नाही, पुरणपोळीलासुद्धा तोच वास येतो. पंचनाम्याला तलाठी बाई येणार म्हणून आबा आणि नाना सकाळीच बांधावर जाऊन उभे होते. मीही गेले.

आधीचे तलाठी गावात मुरलेले होते. ते पारावर बसून, चहा पिता पिता नानांचं नाव लिहायचे आणि संपायचं. त्यांची बदली झाली होती. ह्या बाई नव्या, तरुण, पायात गमबूट घालून थेट चिखलात उतरणाऱ्या. मला बघूनच आवडल्या. त्यांनी उतारा पाहिला, नानांचं नाव वाचलं आणि नुकसान किती म्हणून विचारलं. सांगायला लागले आबा. लागण कधीची, जात कुठली, पाणी कुठवर चढलं, कुठल्या सरीत किती दिवस थांबलं. नाना शेजारी उभे राहून मान हलवत होते. बाईंनी नानांकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि विचारलं, की आजोबा, तुम्ही कोण? खंडानं करता का?

"खंड कसला?" आबा म्हणाले. "आमचंच हाय."

"पण उतारा तर ह्यांचा आहे."

नाना पुढं झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही दिसतं. आवडीची गोष्ट सांगायला मिळाली की माणूस फुलतो ना, तसे ते फुलले. "उतारा माझा, रान त्यांचं," ते म्हणाले. "आन् माळाचा उतारा त्यांचा, रान माझं. आमच्या बापापास्नं हाय."

मग दोघांनी मिळून सगळी गोष्ट सांगितली. जोतिबाचा डोंगर, गुलाल, न केलेला कागद. एक थांबला की दुसरा उचलायचा. भरपाई आली की कोण कुणाकडं घेऊन जातं, तेसुद्धा सांगितलं. पंच म्हणून आलेले दोघंतिघंही, व्हय व्हय, आमाला ठावं हाय, म्हणाले. दोघा म्हाताऱ्यांना वाटत होतं, ही पोर ऐकून खूश होणार. आणि ती झालीही. हसली. मग तिनं लिहायचं थांबवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आजोबा, हे मी ऐकलंच नाही असं धरते. उताऱ्यावरचं नाव लिहिते आणि पुढं जाते. चालेल?"

मी मनात हो म्हणून मोकळी झाले होते. सरकारातलं माणूस एवढं समजून घेतं, हे मी फार वेळा पाहिलेलं नाही. पण आबांचा चेहरा उतरला. आपली एवढी चांगली गोष्ट कुणीतरी चोरीची ठरवावी, तसा.

"खोटं का म्हणून लिवतासा?" ते म्हणाले. "पंच हुबं हाईत. हाय ते लिवा की."

"लिवा," नाना म्हणाले. "आमचं झाकण्यासारखं काय न्हाय."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी आबांना म्हणाले, अहो, त्या तुमच्या भल्याचंच सांगताहेत. आबांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. हा हात मला लहानपणापासून माहीत आहे, तो वर गेला की विषय संपतो. बाईंनी मग आहे तेच लिहिलं. पंचांनी सह्या केल्या.

याद्या लागल्या तेव्हा नानांच्या नावापुढं शेरा होता. मालक वेगळा, वहिवाट वेगळी, सबब अनुदान राखून ठेवलं. कागद तपासता तपासता माळही निघाला आणि आबांच्या खात्यावर वर्षभरात टप्प्याटप्प्यानं येणारा शेतकऱ्यांसाठीचा सरकारी हप्ताही पडताळणीसाठी थांबला. एका खऱ्या बोलण्यानं दोन घरांचे पैसे अडले. गावात हसू झालं. पारावर माणसं विचारायची, काय आबा, आनी काय खरं सांगायचं राह्यलंय का? आबाही हसायचे. पहिले काही महिने त्यांना ते हसू बोचत नव्हतं, कारण आपलं चुकलं असं त्यांना वाटतच नव्हतं. वर साहेब लोक बसलेत, ते वाचतील, त्यांना कळेल, असं त्यांचं चाललेलं.

दोघं तहसीलला खेटे घालायला लागले. सकाळची एसटी, डबा, दोन टोप्या. एकदा तिथल्या एका कारकुनानं त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, की असली अदलाबदल जिल्ह्यात जागोजागी आहे, तुम्ही काही एकटे नाही. सरकारनंच त्यासाठी सवलत काढलीय. वर्षानुवर्षं एकमेकांचं रान कसत असाल तर नाममात्र खर्चात दस्त होतो. मळी तुमच्या नावावर, माळ त्यांच्या नावावर, कायमचं. दोन्हीकडच्या खातेदारांच्या सह्या झाल्या की पैसेही सुटतील.

त्या दिवशी दोघांनी कोल्हापुरात मिसळ खाल्ली आणि आबांनी मला स्टँडवरून फोन केला. एसटीच्या आवाजात ते जवळजवळ ओरडत होते. "तू म्हणत हुतीस त्यो कागद हुतोय बघ. आन् सरकारच करून देतंय." मी फोनवर रडले. एवढ्या वर्षांत आबांनी माझं म्हणणं पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही खरंतर माझं ऐकून नाही.

सह्या पाडव्याआधी करायच्या ठरल्या. नानांच्या बाजूनं नाना एकटेच. आमच्या बाजूनं आबा आणि माझा धाकटा भाऊ, कारण सोसायटीचं कर्ज काढताना त्याचं नाव उताऱ्यावर चढवलं होतं. साक्षीला म्हणून मलाही बोलावलं.

भाऊ औद्योगिक वसाहतीत कामाला. फाउंड्रीत, कंत्राटी. त्याच्याविषयी वाईट लिहायला माझा हात लगेच उचलतो, म्हणून आधी बाकीचं लिहिते. तो आईबापाला सांभाळतो. त्याचं काम दर वर्षी तुटतं आणि दर वर्षी नवीन कंत्राटदाराच्या पाया पडून मिळतं. त्याची मुलगी हुशार आहे, तिला पुढं शिकवायचं तर पैसा कुठून आणायचा, ह्या विचारानं तो अर्धा झालेला. हे सगळं मला माहीत होतं. सह्यांच्या आदल्या संध्याकाळी जेवताना त्याला हे सगळं म्हणायचं होतं आणि तो फक्त रस्त्याचं बोलला.

माळाच्या कडेनं आता डांबरी रस्ता गेलाय. पलीकडं एक मंगल कार्यालय झालंय, त्याच्या शेजारी कुणी प्लॉट पाडलेत. आज्ज्यांनी बदललं तेव्हा माळ म्हणजे मुरूम आणि कुसळं, मळी म्हणजे सोनं. आता उलटं झालंय, एवढं त्यानं शांतपणे मांडलं. मग म्हणाला, "आबा, रस्त्याला लागल्यालं रान देऊन बुडतं रान घ्यायचं, हे कुठलं शाणपण?"

"घ्यायचं न्हाय," आबा म्हणाले. "घेतल्यालं हाय. कवाच."

"कागदावर न्हाय."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती मागच्या मागं आत गेली. मी मात्र गप्प बसले नाही. भावाला म्हणाले, नानांनी त्या माळावर घर बांधलंय, गोठा बांधलाय, त्यांच्या सुनेची बाळंतपणं तिथं झाली, ते काय तू उचलून रस्त्यात ठेवणार? आणि इतक्या वर्षांचे पुराचे पैसे जे त्यांनी देव्हाऱ्यापुढं आणून ठेवले, ते काय ते ठेवून घेऊ शकत नव्हते? खूप बोलले. इचलकरंजीचा सगळा आवाज लावला. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, की अक्का, तू उद्याच्या गाडीनं जाशील, मी हितंच राहणार हाय. मला अजूनही त्याचा संताप येतो. पण त्याच्या मुलीचा चेहरा आठवला की संताप कुठं ठेवावा ते कळत नाही.

सही झाली नाही. आबांनी त्याला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

नानांना हे सांगायला आबा स्वतःच वर गेले. मी म्हणाले, मी येते बरोबर, तर नको म्हणाले. परत आले तेव्हा आई म्हणाली, काय म्हणालं नाना? आबा म्हणाले, "बरं म्हणालं." तेवढंच. त्यांचं जेवण झालं का, चहा तरी घेतला का, हे विचारायचा आईलाही धीर झाला नाही.

पुढचं सगळं फार सभ्यपणानं झालं. त्याचाच मला जास्त त्रास होतो. भांडण झालं असतं, शिव्या झाल्या असत्या, तर पुन्हा कधीतरी तोंड दाखवायला जागा राहिली असती. नानांचा मुलगा दूध संकलनाचा टेम्पो चालवतो. एका सकाळी तो आमच्या दारात आला, आत आला नाही, अंगणातच उभा राहिला. आई चहाचं म्हणाली, तर टेम्पो चालू ठेवलाय म्हणाला. मग आबांना म्हणाला, "आबा, मग कागदापरमाणंच करू. आमालाबी किती दीस दुसऱ्याच्या जाग्यात ऱ्हायाचं?"

दुसऱ्याच्या जाग्यात. तो त्याच घरात जन्मला होता.

मोजणी झाली, दगड रोवले गेले. आबांनी मळी दिली ती खोडव्यासकट दिली. तोडीनंतर पुन्हा फुटलेला कोवळा, पोटरीइतका ऊस होता. भाऊ म्हणाला, निदान एवढा तोडून जाईपर्यंत तरी थांबा. आबांनी त्याच्याशी बोलणं कमीच केलं होतं. बांधावर गेले, सवयीनं चपला काढल्या, मग लक्षात आलं की आता आत जायचं नाही. पुन्हा घातल्या आणि परत आले. हे मला आईनं सांगितलं. ती लांबून बघत होती.

नानांनी माळावरचं घर उतरवलं. पत्रे, वासे, दारांच्या चौकटी, जे निघेल ते टेम्पोत घालून माळाच्या कडेच्या त्यांच्या जुन्या, पडीक घराकडं नेलं. आबा पहार घेऊन मदतीला वर गेले होते. घर बांधतानाही दोघांनी मिळूनच चौकट बसवली होती, म्हणून असेल. नानांच्या मुलानं पहार हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाला, तुमी ऱ्हाऊ द्या. नाना तिथंच होते, विटा रचत. त्यांनी वर बघितलं नाही. आबा थोडा वेळ उभे राहिले आणि उतरून आले. त्या दिवसानंतर त्यांच्या गुडघ्यांनी जोर सोडला. डॉक्टर वय म्हणतात.

माळाला भावानं सिमेंटचे खांब रोवून तार ओढली. गिऱ्हाईकं येतात, मोटारीतून उतरून इकडं तिकडं बघतात, फोन करतो म्हणून जातात. कुणी फोन करत नाही. आबांनी पहिल्या वर्षी तिथं सोयाबीन टोकलं. त्या मुरमाची भाषा नानांना येत होती, आबांना आली नाही. पीक गुडघ्याच्या खालीच पिवळं पडलं. मळीत नानांचंही तसंच. उसाची मोठी लागण त्यांनी आयुष्यात केलेली नव्हती, पाण्याचा निचरा कुठून काढायचा ते ठाऊक नव्हतं. आबा रोज परड्याच्या कडेला उभे राहून चुकीच्या सऱ्या बघायचे. सांगायला कुणी जायचं? एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती हाक त्यांनी मारली नाही आणि नानांनी मान वर करून बघितलं नाही.

मग पुन्हा पूर आला, पुन्हा पाणी मुक्काम ठोकून राहिलं, पुन्हा तो वास. त्याच तलाठी बाई आल्या. ह्या वेळी उताऱ्यावर नाना, बांधावर नाना, बुडालेला ऊस नानांचा. कुणाला काही विचारावं लागलं नाही. अनुदान कसलाही शेरा न पडता वेळेवर जमा झालं. आबांचा अडकलेला हप्ताही सुटला. सरकारच्या बाजूनं पाहिलं तर आमच्या दोन घरांचं काम आता अगदी चोख झालंय.

मी तेव्हा माहेरी होते, आईला बरं नव्हतं म्हणून. दुपारची वेळ, बाहेर बुरबुर पाऊस. मी सोप्यात तांदूळ निवडत बसले होते. गल्लीच्या तोंडाला छत्री दिसली आणि छत्रीखाली पांढरी टोपी. धुतलेली, कडक. माझे हात थांबले. नाना हळूहळू आले, पायरीशी थांबले, छत्री मिटली. त्यांच्या काखेत रुमालाची गाठ होती.

ते पैसे आता सगळ्या अर्थांनी त्यांचेच होते. कागदही त्यांचा, रानही त्यांचं, बुडालेला ऊसही त्यांचाच. ते का घेऊन आले असतील हे मी त्यांना विचारलं नाही. मला वाटतं, पुराचे पैसे हातात आल्यावर करायची दुसरी कुठली गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती.

"आबा हाईत न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी आत गेले. आबा माजघरात कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते. नानांचा खोकला त्यांनी कुठूनही ओळखला असता. मी म्हणाले, नाना आलेत. टोपी घालून आलेत.

आबा भिंतीकडंच बघत म्हणाले, "सांग, घरात न्हाईत म्हणून."

ज्या माणसानं चिखलात उभं राहून सरकारला खोटं लिहू दिलं नाही, त्या माणसाचं हे बोलणं होतं. मी म्हणाले, आबा, ते पैसे घेऊन आलेत, देवापुढं ठेवायला. असं नका करू.

"कुठल्या तोंडानं बघू त्याच्याकडं?" ते म्हणाले. "सांग म्हणतोय न्हवं."

मी बाहेर आले आणि सांगितलं, की आबा बाहेर गेलेत, नाना.

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांची नजर खाली गेली. उंबऱ्याबाहेर, पागोळ्यांखाली, आबांच्या चपला भिजत होत्या. टाचेला नवीन तळ ठोकलेल्या, ओळखू येण्यासारख्या. अख्ख्या गावात त्या जोडाशिवाय आबांना घराबाहेर पडताना कुणी पाहिलेलं नाही, आणि बांधावर काढून ठेवलेल्या त्यांच्या चपला नानांनी तर जन्मभर पाहिल्या होत्या. ते खाली वाकले. वाकायला त्यांना वेळ लागला. दोन्ही चपला उचलल्या, एकमेकींवर आपटून पाणी झाडलं आणि आत सोप्यात, कोरड्या जागी, नीट जोडून ठेवल्या.

"आल्यावर सांगा, येऊन गेलतो," ते म्हणाले. छत्री उघडली आणि गाठ काखेत तशीच घेऊन ते गल्लीतून निघून गेले.

त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. पूर येतो, पैसेही येतात.

त्या दिवशी नाना वळणाआड गेल्यावर आबा भिंतीला धरत बाहेर आले. रस्ता रिकामा आहे हे बघून त्यांनी पायरीशी चपला शोधल्या, मग सोप्यात बघितलं.

"ह्या आत कुणी ठेवल्या?" त्यांनी विचारलं.

"नानांनी," मी म्हणाले.